रुग्णाची सेवा करणाऱ्यालाही विसावा हवा

संपादक महोदय,

गोव्यातील आरोग्यसेवेची चर्चा खाटा, डॉक्टर, रुग्णवाहिका आणि दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड यांभोवती फिरते. परंतु बांबोळीच्या सरकारी रुग्णालयातून घरी पाठवलेल्या रुग्णाचे पुढे वर्षानुवर्षे सगळे काही करणारे घरचे माणूस त्या चर्चेत कुठेच नसते. २०११ च्या जनगणनेत राज्यातील साठीपुढच्या लोकांचे प्रमाण ११.२ टक्के होते आणि केरळच्या खालोखाल गोव्याचा क्रमांक होता. सत्तरी, सांगे, धारबांदोड्याच्या वाड्यांवरील कमावती मंडळी कुंडई-वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतींत कामाला जातात. दिवसभर घरी राहते ती सून, बायको, नाहीतर लग्न न झालेली मुलगी.

अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, अन्यथा पाठीला जखमा होतात. आमच्या वाड्यावरची एक सून सासऱ्यांच्या अंगाखाली जुन्या लुगड्याची चौपदरी घडी घालून, तिचे टोक ओढून त्यांना एकटीच कुशीवर वळवते. ही युक्ती तिला रुग्णालयातून घरी सोडताना कोणी दाखवली नव्हती, शेजारच्या आजींनी शिकवली. आता तिचीच कंबर धरली आहे, पण ती डॉक्टरांना दाखवायला वाळपईला जायचे तर तोवर म्हाताऱ्यांजवळ बसणार कोण, म्हणून ते आज-उद्यावर चालले आहे. रात्रीची सलग झोप नाही आणि चतुर्थीला माहेरही नाही. ‘सून असावी तर अशी’ असे येणारा-जाणारा म्हणतो खरा, पण त्या कौतुकामुळेच ‘मी थकले’ हे तिला उघडपणे म्हणता येत नाही.

यावर काय करता येईल, हे शोधायला दूर जाण्याची गरज नाही. स्मृतिभ्रंशाचे रुग्ण असलेल्या ८१ कुटुंबांचा गोव्यातच अभ्यास झाला आणि तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते घरी जाऊन आजाराची माहिती देत, रुग्णाचे वागणे कसे हाताळावे ते सांगत आणि गरज भासल्यास डॉक्टरांशी गाठ घालून देत. सहा महिन्यांत सेवा करणाऱ्यांचा मानसिक ताण लक्षणीय कमी झाल्याचे त्यात आढळले. आपल्याच भूमीत सिद्ध झालेली ही गोष्ट इतक्या वर्षांत सरकारी व्यवस्थेचा नित्याचा भाग का होऊ नये?

केरळ सरकार ‘आश्वासकिरणम्’ योजनेखाली अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी घेणाऱ्यांना दरमहा ६०० रुपये देते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही अधिक आधाराची गरज असलेल्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. आपल्याकडे गृहिणींना दरमहा मिळणारा ‘गृह आधार’ आहे, परंतु तो महागाईला तोंड देण्यासाठी. घरी रुग्ण आहे की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. शिवाय, माझ्या मते नुसत्या पैशाने भागणार नाही, कारण या बायकांना सर्वाधिक तुटवडा आहे तो सुट्या वेळाचा.

म्हणून आरोग्य खात्याने निदान सत्तरी आणि सांगे तालुक्यांत प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत गावातल्याच काही महिलांना प्रशिक्षण व मानधन देऊन, आठवड्यातून एक दुपार त्यांनी अशा घरी रुग्णाजवळ थांबावे, अशी सोय करावी. त्याच भेटीत सेवा करणाऱ्या व्यक्तीचा रक्तदाब, झोप आणि दुखणीखुपणी यांचीही नोंद व्हावी. कोणत्या घरांना ही गरज आहे, हे पंचायतीच्या पंचांना तोंडपाठ असते. येत्या ग्रामसभांत तशी यादी करून ती आरोग्य केंद्राकडे पाठवता येईल.

– एक वाचक, सत्तरी