टँकमधला किडा आधी ओळखा, मग औषध घाला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरातल्या फिशटँकच्या काचेवर दोऱ्यासारखे पांढरे किडे वळवळताना दिसले की माझ्या परिचयातल्या घरांत हमखास एकच गोष्ट घडते. मोबाइलवर फोटो काढून कोणीतरी दुकान गाठते, दुकानदार दोन प्रश्नही न विचारता औषधाची बाटली देतो आणि त्याच संध्याकाळी ती टँकमध्ये रिकामी होते. दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये मीही तेच केले. त्या किड्यांकडे पाहून माझ्या आईने पहिला शब्द उच्चारला तो ‘नारू’, म्हणजे पिण्याच्या पाण्यातून अंगात शिरणाऱ्या दोऱ्यासारख्या जंताचा रोग, आणि नातवाला त्या पाण्यात हात घालू देऊ नकोस, असे बजावले. तिच्या पिढीने विहिरीचे पाणी फडक्याने गाळून प्यायलेले असल्यामुळे तिची भीती समजण्यासारखी होती. पण नारू हा रोग देशातून हद्दपार झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २००० सालीच जाहीर केले आहे आणि आमच्या टँकमधला किडा नारूचा नव्हताच. घाबरून मी औषध ओतले, सगळे पाणी उपसले आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुतला. त्या स्पंजात माशांच्या विष्ठेतून तयार होणाऱ्या अमोनियाचा निचरा करणारे जिवाणू वाढलेले असतात व नळाच्या पाण्यातील क्लोरिनने ते मरतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. चार दिवसांत नऊपैकी सात गप्पी मेले आणि पंधरवड्यात किडे पुन्हा काचेवर आले.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, की बाटली उघडण्यापूर्वी एक भिंग आणि एक टॉर्च घ्यावा व रात्री दिवे मालवून काचेजवळ दहा मिनिटे बसावे. केसासारखा बारीक, पांढरट किंवा तांबूस, खडीतून वर येणारा आणि पाण्यात सुटला की इंग्रजी ‘एस’सारखी वळणे घेत पोहणारा किडा असेल, तर तो गांडुळाच्या कुळातला आहे व उरलेल्या खाद्यावर आणि कुजक्या पानांवर जगतो. तो माशाला किंवा माणसाला अपाय करत नाही. मासे तर तो आवडीने खातात. जाडसर, लालभडक, वलये असलेला किडा दिसला तर ती एका चिलटाची अळी असते, तिचीही काळजी नको. मात्र किडा चपटा असेल, पोहण्याऐवजी काचेवरून संथपणे सरकत असेल आणि त्याचे डोके बाणाच्या टोकासारखे असून त्यावर दोन काळे ठिपके असतील, तर तो प्लॅनेरिया आहे. शाळेच्या विज्ञानात पुनर्जननाचे उदाहरण म्हणून शिकवतात तोच हा प्राणी असल्याने त्याला काचेवर चिरडू नये, कारण त्याच्या तुकड्यांतून नवे किडे तयार होतात. मोठ्या माशांना त्याचा फारसा त्रास नसला, तरी तो माशांची अंडी व लहान कोळंबी खातो.

खरा धोका काचेवर दिसतच नाही. गप्पी किंवा मॉली क्षणभर स्थिर राहिली की तिच्या गुदद्वारातून लाल दोऱ्यांची तीन-चार टोके ब्रशच्या केसांसारखी बाहेर डोकावतात आणि ती हलली की पुन्हा आत जातात. हा कॅमॅलॅनस नावाचा, माशाचे रक्त पिणारा परजीवी गोलकृमी, आणि योगायोग असा, की तो नारूच्या जवळच्या गटातला आहे. तो माणसाला होत नाही. पण टँकमधल्या एका माशात दिसला तर सगळ्यांवरच उपचार करावे लागतात. त्यावर लेव्हामिसोल चालते. ते जंतांना लुळे करते, म्हणून दुसऱ्याच दिवशी तळ नळीने ओढून पाणी बदलावे लागते आणि दोन-तीन आठवड्यांनी उपचार पुन्हा करावा लागतो. प्लॅनेरियासाठी फेनबेंडाझोल वापरतात, मात्र त्याने गोगलगाई मरू शकतात. ही जनावरांची औषधे असल्याने त्यांची मात्रा पशुवैद्यकाला विचारूनच ठरवावी.

पहिल्या, निरुपद्रवी किड्यांना औषध लागतच नाही. ते वाढले याचा अर्थ आपण खाद्य जास्त टाकतो. दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे, आठवड्यातून एक दिवस उपास घडवावा आणि नळीने खडीतला गाळ ओढून काढावा. ती नळी तोंडाने ओढण्याची सवय मात्र सोडावी. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टँकमध्ये सुमारे ५६ लिटर पाणी मावते. त्यातले दर आठवड्याला १४ लिटर, म्हणजे साधारण बादलीभर, क्लोरिन काढलेल्या पाण्याने बदलले तरी पुरते. फिल्टरचा स्पंज याच काढलेल्या पाण्यात पिळावा. नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात पाणी तापले किंवा वीज जाऊन पंप बंद पडला, की पाण्यातला प्राणवायू घटतो आणि खडीतले किडे एकाएकी काचेवर चढतात. त्या वेळी मासेही पृष्ठभागावर तोंड काढू लागले असतील, तर आधी हवेची सोय करावी.

शहरातील विक्रेत्यांना माझी एवढीच विनंती आहे, की मासा पिशवीत घालण्यापूर्वी गिऱ्हाइकाला तो दोन मिनिटे निरखू द्यावा, आणि औषध देण्याआधी किडा सरकतो की पोहतो, एवढे तरी विचारावे. आपण ग्राहकांनीही नवा मासा तीन-चार आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवून मगच टँकमध्ये सोडावा. शेवटी, कंटाळून किंवा भीतीपोटी टँकमधले मासे गोदावरीत अथवा नासर्डीत कोणीही सोडू नयेत. माशाच्या पोटातला जंत नदीतल्या माशांपर्यंत पोहोचला, तर तिथे त्याच्यावर उपचार करणे कोणालाच शक्य होणार नाही.

— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक