पासवर्ड बरोबर, ओळी भलत्याच्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

डेटागळतीची चर्चा बहुधा पासवर्ड आणि ओटीपीपाशीच थांबते. लॉगिननंतर कोणाला डेटाबेसमधल्या कोणत्या ओळी, म्हणजे नोंदी, दिसाव्यात, ही तपासणीच चुकली तर? पोस्टग्रेस डेटाबेसमधला सीव्हीई-२०२४-१०९७६ (सीव्हीई म्हणजे सुरक्षादोषाचा जाहीर नोंदक्रमांक) हा दोष नेमका तिथला. तीव्रता १० पैकी ४.२, असा आकडा दिसला की अपडेट पुढच्या महिन्यावर जाते.

एकाच टेबलातल्या ठराविक ओळी ठराविक रोलला (डेटाबेसमधल्या अधिकार ठरवणाऱ्या वापरकर्ता-ओळखीला) दाखवण्यासाठी पोस्टग्रेसमध्ये ९.५ या आवृत्तीपासून 'क्रिएट पॉलिसी' ही आज्ञा आहे. पॉलिसीतली अट क्वेरीचा (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाचा) प्लॅन, म्हणजे ती कशी चालवायची याचा आराखडा, बनतानाच त्यात मिसळते. तोच प्लॅन पुन्हा वापरताना रोल बदललेला असेल, तर नवा बनवायला हवा. टेबल थेट क्वेरीत असेल तेव्हा तसे होत होते. ते टेबल सबक्वेरीत (क्वेरीच्या आतल्या क्वेरीत), 'विथ' या भागात किंवा एसक्यूएल या क्वेरीच्या भाषेत लिहिलेल्या फंक्शनच्या आत असले, की 'हा प्लॅन रोलवर अवलंबून आहे' ही खूण हरवत होती. मग शाखाधिकाऱ्यासाठी बनलेला प्लॅन कारकुनाच्या रोलखाली चालतो आणि एररही येत नाही. पॉलिसी वेगवेगळ्या रोलना वेगवेगळ्या लावल्या असतील तिथेच हा धोका. अटीत 'करंट_यूजर', म्हणजे त्या क्षणीचा रोल, तपासला असेल तर तो दर वेळी नव्याने पाहिला जातो.

कनेक्शन पूलमधून (अनेकांनी आळीपाळीने वापरायच्या तयार कनेक्शनमधून) एकाच लॉगिनने येऊन 'सेट रोल' या आज्ञेने रोल बदलणारी अ‍ॅप्लिकेशन्स आधी तपासावीत. 'सेट रोल'ने प्रिपेअर्ड स्टेटमेंट (पुन्हा वापरण्यासाठी तयार करून ठेवलेल्या क्वेरी) पुसली जात नाहीत, 'डिस्कार्ड ऑल' या आज्ञेने जातात. पीजीबाउन्सर हा पूल सांभाळणारा प्रोग्रॅम मात्र ट्रान्झॅक्शन मोडमध्ये (दर व्यवहारानंतर कनेक्शन दुसऱ्याला देण्याच्या पद्धतीत) 'डिस्कार्ड ऑल' आपणहून चालवत नाही.

चाचणी घेताना हमखास चूक होते ती इथे: प्रत्येक रोलसाठी वेगळे लॉगिन केले जाते, त्यामुळे निकाल बरोबरच येतो. एकाच कनेक्शनमध्ये सबक्वेरी असलेले स्टेटमेंट प्रिपेअर करावे, एका रोलखाली चालवावे, रोल बदलून पुन्हा चालवावे आणि आलेल्या ओळी ताडून पाहाव्यात. कोणत्या टेबलांवर पॉलिसी आहे ते 'पीजी_पॉलिसीज'मध्ये दिसते.

दुरुस्ती १४ नोव्हेंबर २०२४ च्या १७.१, १६.५, १५.९, १४.१४, १३.१७ आणि १२.२१ या आवृत्त्यांमध्ये आहे. पण त्या खेपेत दुसरेच काही बिघडले, म्हणून आठवड्याभरात १७.२, १६.६, १५.१०, १४.१५, १३.१८ आणि १२.२२ आल्या, निदान तिथवर तरी यावे. डम्प-रिस्टोअर (सगळा डेटा बाहेर काढून पुन्हा भरणे) लागत नाही, अपडेटनंतर सर्व्हर रीस्टार्ट पुरतो. आवृत्ती १२ वापरणाऱ्यांसाठी १२.२२ हीच शेवटची. त्यांनी वरच्या आवृत्तीचे काम आता काढावेच.

– एक डेटाबेस प्रशासक, पुणे