शाफ्टची गाडी मेंटेनन्स फ्री नसते हो!

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत जुन्या इम्पोर्टेड मोटरसायकलींवर लेख आला होता, फोटो एकदम झकास, पण मधेच एक वाक्य टाकलंय की शाफ्ट ड्राइव्हच्या, म्हणजे चेनऐवजी फिरत्या लोखंडी दांड्याने मागचं चाक चालवणाऱ्या गाड्यांना चेनची कटकट नसते, त्या मेंटेनन्स फ्री असतात. पहिलं अर्ध बरोबर आहे. बुलेटवाल्यांना विचारा, पावसाळ्यात सारखं चेन पुसा, स्प्रे मारा, ताण बघा आणि एवढं करून पँटला काळं लागतंच. पण मेंटेनन्स फ्री? बीएमडब्ल्यूने १९२३ मधे पहिली आर ३२ काढली तेव्हापासून त्यांच्या बऱ्याच गाड्यांना शाफ्ट आहे आणि शाफ्ट म्हटलं की मागे गिअर आले, गिअर आले की ऑइल आलं, यात नवीन काय आहे.

लिहायचं कारण एवढंच की असं काही छापून आलं की हौशी पोरं ७०-८० च्या दशकातली बीएमडब्ल्यू, गोल्ड विंग नाहीतर होंडाची सीएक्स ५०० शोधायला लागतात आणि विकणारा पण तेच सांगतो, काही बघावं लागत नाही साहेब, नुसतं पेट्रोल टाका. चेन खराब झाली की लोंबते, खडखडते, डोळ्याला दिसते. शाफ्टचं सगळं बंद नळीत. घूं घूं आवाज यायला लागला म्हणजे बऱ्याचदा बेअरिंग नाहीतर क्राउन-पिनियन, म्हणजे मागच्या चाकाजवळची गिअरची जोडी, आधीच घासलेलं असतं, आणि ते काय नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर मिळत नाही, बाहेरून मागवा, वर कस्टम भरा, परत गाडी उघडून ठेवायला जागा पाहिजे, आणि पुण्यात पार्किंगची काय बोंब आहे ते तुमच्याच पेपरात रोज येतं.

आता आमच्याकडे आहे ती बीएमडब्ल्यूची आर ६०/६, तिचंच सांगतो. हिच्या मागच्या फायनल ड्राइव्हमधे, म्हणजे चाकाजवळच्या गिअरच्या डब्यात, पाव लिटर ऑइल असतं, आणि शाफ्टच्या नळीत वेगळं, त्याहून कमी. दोन ठिकाणी दोन ड्रेन. १९८७ मधे बीएमडब्ल्यूचं पॅरालिव्हर, म्हणजे मागचं चाक धरणारा नवीन पद्धतीचा दुहेरी सांध्याचा आर्म, आलं तेव्हापासून त्या मॉडेलांची नळी कोरडी झाली, म्हणून एकाचं ऐकून दुसऱ्याच्या गाडीत ऑइल ओतू नये, आपल्या मॉडेलचं मॅन्युअल काढून बघावं. नाना पेठेत जाऊन नव्वद नंबरचं ऑइल मागितलं की देतात, पण डबा फिरवून बघा, जीएल-५ (गिअर ऑइलचा दर्जा) लिहिलेलं पाहिजे, नुसतं नव्वद, म्हणजे नुसता जाडपणा, असून भागत नाही. क्राउन-पिनियनचे दात एकमेकांवर जबरदस्त दाबाने घासतात, तो दाब पेलणारी गंधकाची केमिकल त्यात असतात, झाकण उघडल्यावर जो घाण वास येतो तो त्याचाच. एका गॅरेजवाल्याने ओळखीतल्या एकाच्या गाडीत मागे सरळ इंजिन ऑइल भरून दिलं होतं, वर म्हणाला ऑइल ते ऑइल. काय बोलणार.

बदलायचं कसं, तर गाडी थोडी फिरवून आणायची, ऑइल गरम झालं की पटकन आणि पूर्ण उतरतं. मेन स्टँडवर लावायची. आणि आधी वरचा भरायचा प्लग सोडवून बघायचा, मगच खालचा ड्रेन, हे कृपा करून उलटं करू नका, खालून सगळं ऑइल काढून टाकलं आणि वरचा प्लग पन्नास वर्षांच्या गंजाने जाम निघाला तर गाडी तिथेच बसली. प्लगच्या टोकाला चुंबक असेल तर त्यावर राखाडी पेस्टसारखं थोडं असणारच, त्याला घाबरायचं नाही. बोटाला टोचणारी चकती, कीस असं काही लागलं तर मात्र गाडी चालवायची नाही. वॉशर दर वेळी नवीन. आणि जास्त भरायचं नाही! आपल्याकडे थोडं जास्तच असू दे म्हणायची सवय आहे, पण जास्तीचं ऑइल तापलं की सील मधून बाहेर येतं आणि या गाडीला मागे ड्रम ब्रेक आहे, ऑइल ब्रेकच्या लायनरवर गेलं की ताम्हिणी घाट उतरताना मागचा ब्रेक दाबून काही होत नाही.

ऑइल निघालं आणि ते चहासारखं दुधट दिसलं म्हणजे आत पाणी गेलंय. पुण्यात हे होतंच. २५ जुलै २०२४ ला एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या ते सगळ्यांना माहितीये, पण तेवढ्या पुराची पण गरज नाही. घाट चढून आलेली गाडी मागे चांगली तापलेली असते, ती तशीच गुडघाभर गार पाण्यात घातली की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवेच्या भोकातून), जुन्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. वॉशिंग सेंटरला तापलेल्या गाडीवर प्रेशर मारतात ते पण तसंच, विशेषतः गिअरबॉक्स आणि शाफ्टच्या नळीमधे जो रबरी बूट असतो त्यावर. तो बूट तडकलाय का, क्लिप सैल झालीये का हे बोटाने चाचपून बघायला दोन मिनिटं लागतात. मॅन्युअलमधे किलोमीटरचा आकडा असतो, पण आपल्या जुन्या गाड्यांचे किलोमीटर कमी आणि पावसाळे जास्त, म्हणून माझं मत, पाऊस संपला की खंडेनवमीच्या आधी ऑइल बदलून टाकायचं, नाहीतरी दसऱ्याला गाडी धुवून झेंडूचा हार घालतोच की आपण.

टायर बदलायला चाक काढलं की हबमधले स्प्लाइन, म्हणजे ड्राइव्हमधे अडकून चाक फिरवणारे दाते, बघा, हे सगळ्यात जास्त लोक विसरतात. पंक्चरवाला टायर घालून चाक परत बसवून देतो, त्याची चूक नाही, त्याला कोणी सांगितलेलं नसतं. दात बोथट आणि सपाट माथ्याचे असायला पाहिजेत, करवतीसारखे टोकदार झाले असतील तर संपत आलेत. जुनं ग्रीस पुसून मॉलिब्डेनमवालं ग्रीस ब्रशने पातळ लावायचं, थापायचं नाही, नाहीतर फिरताना उडून तेही ब्रेकवर जातं. चाक लावल्यावर वर-खाली धरून हलवून बघा, खटखट लागली तर बेअरिंग दाखवून घ्या.

१५ वर्षांनी आरटीओत री-पासिंग झालंय म्हणजे गाडी ओके असं पण समजू नका, तिथे हे प्लग कोणी उघडत नाही.

आणि एक विनंती. काढलेलं ऑइल लोक सोसायटीच्या गटारात ओततात, ते शेवटी मुठेत जातं. २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेलं ऑइल हा घातक कचरा आहे, पण घरी ऑइल बदलणाऱ्या माणसाने ते अर्धा लिटर कुठे नेऊन द्यायचं हे धड कोणी सांगत नाही. तुमच्या वार्ताहराला महापालिकेत विचारायला लावा आणि पेठेप्रमाणे, उपनगराप्रमाणे ठिकाणं छापा, पुरवणीत मेंटेनन्स फ्रीच्या शेजारी छापलीत तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक, कर्वेनगर, पुणे