कॅम्परव्हॅन जवळच बनवून घ्या आणि आधी जवळच फिरा

संपादक, सप्रेम नमस्कार.

कॅम्परव्हॅनबद्दल, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय केलेल्या गाडीबद्दल, हल्ली बरंच लिहून येतं, फोटो पण भारी असतात, लाकडी पॅनेलिंग, पिवळे दिवे, मागचं दार उघडलं की समोर डोंगर. पण ती व्हॅन बनवली कोणी आणि काही बिघडलं तर न्यायची कोणाकडे, हे कोणी लिहीतच नाही, म्हणून हे पत्र. माझं म्हणणं एवढंच की व्हॅन जवळपासच्या कारागिराकडून बनवून घ्या आणि सुरुवातीचा बराच काळ आजूबाजूलाच फिरा.

स्वस्त पडेल म्हणून नाही सांगत. काम चालू असताना अधनंमधनं जाऊन बघता येतं, हे महत्त्वाचं. प्लायवूड एकदा ठोकलं की आतल्या वायरी दिसत नाहीत, इन्सुलेशन कुठे रिकामं राहिलंय कळत नाही, पत्र्याला गंज होता का तेही नाही. आम्ही पॅनेल लागायच्या आधी सगळ्या वायरींचे फोटो काढून ठेवले, नंतर शेल्फ लावताना स्क्रू कुठे मारायचा नाही ते त्या फोटोंवरूनच कळलं. गाडी लांब कुठेतरी सोडून थेट चावी घ्यायलाच गेलात तर हे जमणार नाही.

सुतारकाम करणारे चांगले हात सगळीकडे मिळतात, खरी काळजी घ्यायची ती करंटची. १२ व्होल्टचं गणित घरापेक्षा वेगळं असतं. १२०० वॅटची इंडक्शन शेगडी घरी २३० व्होल्टवर पाच-सव्वापाच अँपिअर घेते, तीच व्हॅनमध्ये इन्व्हर्टरवर लावली की बॅटरीतून १०० अँपिअरच्या वर करंट ओढते, त्यामुळे तिथे वायर जाडच हवी आणि मेन फ्यूज बॅटरीला अगदी लागूनच हवा, नाहीतर वायर तापून आग लागते. बॅटरी घेताना पण नुसते अँपिअर-अवर (बॅटरीत किती करंट साठतो तो आकडा) बघू नका, साधी लेड-अ‍ॅसिड निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर मरते, लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत आरामात वापरता येते, फक्त शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नाही.

गॅस असेल तर सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक पाहिजेच, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली साचतो. आणि गॅस अर्धवट जळला की तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, त्या वायूला ना रंग ना वास, झोपलेल्या माणसाला काही कळत नाही. यात कोणी ‘काही होत नाही हो’ म्हणालं तर त्याला काम देऊच नका.

वजनाचंही तसंच. पाण्याची १०० लिटरची टाकी भरली की १०० किलो वाढले, वर बॅटरी, फर्निचर, माणसं, सामान. सगळं भरून गाडी वजनकाट्यावर नेऊन बघा, कागदावर लिहिलेल्या मर्यादेच्या आत आहे ना ते. केलेले बदल कागदपत्रांत आणि विम्यात पण नोंदवून घ्या.

सगळी गाडी आतून कायमची बदलायलाच हवी असंही नाही. १९५१ मध्ये जर्मनीतल्या वेस्टफालिया कंपनीने फोक्सवॅगनच्या व्हॅनसाठी जो कॅम्पिंग बॉक्स, म्हणजे बसायची-झोपायची सोय असलेला लाकडी सेट, काढला तो आत ठेवायचा आणि काम झालं की काढायचा असाच होता. असा बॉक्स कोणताही चांगला सुतार करू शकतो, मला तर पहिल्यांदा बनवणाऱ्यांसाठी हाच मार्ग बरा वाटतो, फक्त तो फ्लोअरला घट्ट बोल्ट करा म्हणजे ब्रेक मारल्यावर पुढे येणार नाही.

मग फिरायचं, पण लगेच हजार किलोमीटर नको. वळणावर ड्रॉवर उघडतो, पंपातून पाणी ठिबकतं, फ्रिज पहाटे बंद पडतो, हे सगळं पहिल्या काही रात्रींतच समोर येतं आणि तेव्हा बनवणारा तासाभराच्या अंतरावर असला की बरं पडतं. आणि खरं सांगायचं तर जवळचा भाग आपण बघितलेलाच नसतो, दिवसा जाऊन संध्याकाळी परत येतो ना आपण. तिथेच मुक्काम केला की तळ्यावर पहाटे कोणते पक्षी येतात, पावसाळ्यानंतर कोणता कच्चा रस्ता बंद असतो, पिण्याचं पाणी कुठे भरू देतात हे सगळं कळत जातं, जागेच्या मालकाशी ओळख होते, दुसऱ्यांदा गेल्यावर तो स्वतःच चांगली जागा दाखवतो. त्याला विचारल्याशिवाय गाडी लावू नका आणि सिंकचं साबणाचं पाणी ओढ्यात अजिबात सोडू नका, एकाने असं केलं की पुढच्या सगळ्यांना जागा बंद होते.

तुम्हाला विनंती अशी की पुरवणीत पुढच्या वेळी कॅम्परव्हॅनवर लेख आला तर त्यात सजावटीच्या फोटोंबरोबर भरलेल्या गाडीचं वजन, वायरिंगचा नकाशा आणि बनवणाऱ्या कारागिराचा अनुभव पण छापा.

आपला एक नियमित वाचक