चि. मृण्मयीस: गॅस, बोग्या आणि बाकीचं

कुर्डुवाडी,
कोजागरीचा दुसरा दिवस

चि. मृण्मयी,
अनेक आशीर्वाद.

ओवीने फोनवर सांगून टाकलं, "आजोबा, आईचा हात भाजलाय, पण तुम्हाला सांगायचं नाही असं ठरलंय." लपवलंस म्हणून मी रागावलेलो नाही. ते खातं तुझ्या आईकडे आहे आणि ती ते नीट सांभाळते आहे. पुढची हकीकत निखिलरावांकडून काढून घेतली. शेडमधल्या टेबलावर तुझ्या बागेतल्या छोट्या रेल्वेचं, गॅसवर तापणारं वाफेचं एक इंजिन पेटलेलं होतं आणि त्याच टेबलावर तू दुसऱ्यात गॅस भरत होतीस. भडका क्षणाचा, वरच्या कातडीवर निभावलं, महिन्याभरात खूणही राहणार नाही म्हणतात. बरं झालं. आता मी या विषयावर एकदाच लिहितो आणि मग तुझ्या गाडीच्या डब्याकडे वळतो.

बुटेन हवेच्या दुप्पट जड असतो. भरताना जो थोडा बाहेर फुसफुसतो तो वर जात नाही, टेबलाच्या फळीवरून सरकत कडेला येतो आणि खाली उतरतो. बंद शेडमध्ये तो जमिनीलगत साचून राहतो, नाकाला कळतही नाही. म्हणून गॅस अंगणात भरायचा, उघड्यावर, आणि आसपास काहीही पेटलेलं नसताना. दुसरं इंजिन, हीटर, सोल्डरिंगचा बर्नर, काहीच नाही.

तुझ्या बाबतीत नेमकं काय झालं असावं, तेही सांगतो. इंजिन नुकतंच फेरी मारून आलेलं, टाकी गरम होती. गरम टाकीत आतला दाब चढलेला असतो, त्यामुळे गॅसच्या डब्यातला द्रव आत शिरत नाही. मग माणूस डबा आणखी जोरात आणि आणखी वेळ दाबून धरतो. जेवढा आत जायचा त्याहून जास्त बाहेर सांडतो. टाकी हाताला गार लागेपर्यंत थांबायचं, एवढं एक पथ्य पाळलं तर अर्धा प्रश्न सुटतो. डबा पूर्ण उलटा धरायचा, नळीचं तोंड व्हॉल्व्हवर सरळ उभं टेकवायचं, तिरकं नाही. तिरकं टेकवलं की बाजूने गळतं. भरत असताना बारीक सूं असा आवाज येतो, व्हॉल्व्हभोवती पांढरं दव धरतं आणि टाकी भरली की एकदम पांढरे शिंतोडे उडतात. पहिल्या शिंतोड्याला हात काढायचा. त्यानंतर इंजिन उचलायचं, भरलेल्या जागेपासून चांगलं चार-पाच पावलं दूर रुळावर न्यायचं, दोन मिनिटं थांबायचं आणि तिथे पेटवायचं.

पेटवताना स्मोकबॉक्सचं, म्हणजे बॉयलरपुढच्या धुराच्या कोठीचं, दार उघडं, लायटरची ज्योत तोंडाशी, मग गॅसची तोटी अगदी किंचित उघडायची. पट् असा आवाज होऊन ज्योत मागे बर्नरमध्ये जायला हवी. ती स्मोकबॉक्समध्येच जळत राहिली तर एक तर गॅस जास्त सुटलाय किंवा जेट, म्हणजे गॅस सुटायचं बारीक तोंड, घाण झालंय. तोटी बंद करून, थोडं थांबून पुन्हा. तशीच चालवत राहिलीस तर आधी रंग जातो, आणि बॉयलर तापतच नाही.

जेटच्या भोकात तार घालू नकोस. ते भोक केसाइतकं असतं, तारेने मोठं झालं की ज्योत कधीच नीट बसत नाही आणि नवीनच घ्यावं लागतं. जेट काढून थिनरमध्ये भिजत ठेव, मग उलट बाजूने हवा मार. भरायच्या व्हॉल्व्हमध्ये रबराची बारीक ओ-रिंग असते, ती बदलून टाक. नखाने दाबून बघ: चांगली रिंग गोल असते आणि दबून परत उठते. जुनी कडक, एका अंगाने चपटी झालेली असते, आणि तिथूनच रात्रभर थेंब थेंब गॅस निसटतो. नवी बसवल्यावर टाकी भरून व्हॉल्व्हसकट पाण्याच्या वाटीत बुडव. एकही बुडबुडा दिसता कामा नये. हेसुद्धा अंगणातच.

झालं, पुरे. डब्याकडे येतो.

तू माथेरानचा डबा धरलास ते योग्यच केलंस. बार्शी लाइट, आपली इथली जुनी नॅरोगेज, करावी असं मी म्हणत होतो, पण हिशेब तुझ्या बाजूने आहे. तुझं माप खऱ्या एका फुटाला सोळा मिलिमीटर, म्हणजे साधारण 1:19. माथेरानचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, 610 मि.मी., भागिले एकोणीस, जवळजवळ 32 मि.मी. येतो आणि त्या मापाचा रूळ तयार मिळतो. बार्शीचा गेज 762, त्याचे होतात 40. तयार रूळ एक तर 32 चा नाही तर 45 चा. मधल्यामध्ये 40 चा म्हणजे प्रत्येक स्लीपर, प्रत्येक सांधा हाताने करायचा. नोकरी आणि ओवी सांभाळून ते होणार नाही. तरी एक सांगून ठेवतो. बार्शी लाइट बांधणारा एव्हरार्ड कॅल्थ्रॉप, 1897 साली इथून बार्शीपर्यंत पहिली गाडी नेणारा, त्यानेच पुढे तुझ्या तिकडे, इंग्लंडातल्या स्टॅफर्डशरमध्ये, लीक अँड मॅनिफोल्ड लाइन केली. गेज तोच, अडीच फूट. 1904 ला सुरू झाली, 1934 ला बंद पडली. तिथल्या मोठ्या, स्टँडर्ड गेजची अख्खी वाघीण, म्हणजे मालडबा, नॅरोगेजच्या गाड्यावर चढवून न्यायची सोय त्याने तिथे केली होती. रूळ उखडले, पण वाट राहिली आहे, लोक चालायला आणि सायकलला जातात. डर्बीहून तासाभराचं अंतर. माथेरानच्या इंजिनांतही त्याचाच हात होता. ओवीला एकदा घेऊन जा आणि पुलांचे फोटो पाठव. इथे नॅरोगेज बंद झाल्यापासून अशा गोष्टी बोलायला माणूस उरलेला नाही. मिरजेची गाडी, लातूरची गाडी, आषाढीला पंढरपूरच्या डब्यांच्या टपावर बसलेली माणसं, हे आता कुणाला सांगायचं? असो. ओवी शेडमध्ये आली की तिथलं दार उघडं ठेवत जा. टेबलाची कड तिच्या तोंडाच्या उंचीला येते, आणि कडेवरून जे खाली उतरतं ते तिच्यावर उतरतं. भरण्याचं काम चालू असताना ती तिथे नकोच.

मी पुन्हा तिथेच आलो. माफ कर. बोगी, म्हणजे डब्याखालचे चाकांचे गाडे.

फोटोत डबा वळणावर एका बाजूला उचललेला दिसतो. चाकांचा दोष वाटत नाही, बोगी फार घट्ट बसल्या आहेत. बागेतला रूळ कधीच सपाट नसतो, माती बसते, मुळं उचलतात. चार टेकूंवर उभा असलेला डबा अशा रुळावर एक चाक हवेत ठेवणारच. तीन टेकूंवर उभा कर. एका बोगीच्या आडव्या पट्टीवर, मध्यापासून सारख्या अंतरावर, दोन्ही अंगांना दोन पातळ वॉशर चिकटव. ती बोगी फक्त पुढे-मागे झुकेल, आडवी डोलणार नाही. दुसऱ्या बोगीला मध्यभागी एकच घुमटाकार वॉशर दे, ती सगळीकडे डोलू दे. मधला बोल्ट आवळून टाकू नकोस, नायलॉकचा, आपोआप न सुटणारा, नट लाव आणि अर्धा फेरा सैल ठेव. एवढं केलं की स्प्रिंगांच्या नादाला लागायची गरज नाही. स्प्रिंगा शोभेच्या लाव.

चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर व्हर्नियरने 28 मि.मी. बघ, आणि एका जागी नाही, चाक फिरवून तीन जागी. तिन्ही मापं वेगळी आली तर चाक आसावर तिरकं बसलंय. अंतर कमी असेल तर रूळ फुटतात त्या सांध्यातल्या चेक-रेलवर, म्हणजे चाकाला आवरणाऱ्या जोडरुळावर, चाक चढतं, जास्त असेल तर चेक-रेल त्याला धरत नाही आणि कड थेट काट्याच्या नाकावर आपटते. लोक काटा कानशीने घासत बसतात आणि दोष चाकात असतो.

दुसरं, फुटबोर्ड. डब्याच्या दोन बोगींच्या मध्यांत तू 300 मि.मी. धरलंस असं आठवतं आणि तुझं सर्वांत तंग वळण 900 मि.मी. त्रिज्येचं आहे. अंतराचा वर्ग, भागिले आठ पट त्रिज्या: 90,000 भागिले 7,200, म्हणजे साडेबारा. डब्याचं पोट, फुटबोर्डासकट, वळणाच्या आत साडेबारा मि.मी. सरकणार. कुंपणाजवळचा तो दगड आणि प्लॅटफॉर्मची कड तेवढी मागे घे, वर तीन-चार मि.मी. मोकळीक ठेव. प्लॅटफॉर्म वळणावर करूच नकोस असं माझं मत आहे, पण अंगण तुझं आहे.

इंजिनाचं म्हणशील तर खऱ्या माथेरान इंजिनाचे पुढचे-मागचे आस पोकळ नळीत बसवलेले असतात, म्हणून ती चाकं वळणाप्रमाणे फिरतात. क्लीन-लिंडनर म्हणतात त्या रचनेला. ओरेनस्टाइन उंड कोपेल या जर्मन कंपनीने तशी इंजिनं 1907 च्या सुमारास दिली. ते बारीक मापात करायचा हट्ट धरू नकोस. मधल्या चाकांची कड काढून टाक, टोकाच्या आसांना दोन्ही अंगांना दीड मि.मी. खेळ दे, चाकं जोडणाऱ्या कपलिंग रॉडची भोकं थोडी लांबट कर, वळण घेईल. चढ मात्र माथेरानचा नको. तिथे वीसास एक आहे, मीटरला पाच सेंटिमीटर, आणि उतरताना डब्याडब्यावर ब्रेकवाले बसलेले असायचे, इंजिनाच्या शिट्टीवर ब्रेक आवळायचे. तुझ्या डब्यावर ब्रेकवाला बसवशील तो 88 मि.मी. उंच होईल आणि काही आवळणार नाही. शंभरास एकपेक्षा जास्त चढ देऊ नकोस. वाफेचं इंजिन उतारावर सुटलं की हातात येत नाही.

डब्याचा सांगाडा पितळी करत असशील तर मोठे सांधे आधी, लहान नंतर, आणि झाळून झालं की फ्लक्स, म्हणजे झाळताना लावलेलं रसायन, त्याच दिवशी कोमट पाण्यात ब्रशने धू. राहिलेला फ्लक्स रंगाखाली हिरवा फुटतो. मग एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला धरणारं अस्तर, मग रंग. प्लायचे कडेचे थर आधी पातळ केलेल्या वॉर्निशने भरून घे, डर्बीच्या ओलीत प्लाय कडेनेच फुगतो. छत चिकटवू नकोस, चुंबकावर बसव, आत हात घालायची वेळ येतेच.

आणि बॉयलरवर सोल्डर? नाही. चाळीस पौंड दाबाला आतली वाफ 140 अंशांच्या वर असते, साधं सोल्डर 183 ला वितळतं, पण त्याच्या कितीतरी आधी त्याची ताकद जाते. बॉयलरचे सांधे चांदीच्या झाळीचेच. जुनं इंजिन घेतलंस तर आधी पाण्याने काठोकाठ भरून, हवा काढून, हातपंपाने कामाच्या दीडपट दाबापर्यंत तपासून घे. हवा राहिली तर ती तपासणी नव्हे, बॉम्ब होतो. सेफ्टी व्हॉल्व्ह किती पौंडाला उघडतो ते दाबाच्या काट्यावर स्वतः बघ, विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नकोस.

आता हा सूर कुठे गेला ते मला कळतं. तू डिग्रीची इंजिनिअर, रोज खऱ्या गाड्यांच्या बोग्यांवर सह्या करतेस, आणि मी फिटर तुला व्हर्नियर कसा धरायचा ते सांगतोय. तू केलेली ती तोटी, नानांच्या व्हाइसमध्ये धरून कानसलेली, तुझ्या आईने सबंध आळीला दाखवली आणि मी काही बोललो नाही. तिचे आटे बघितले आहेत मी भिंगातून. तसे आटे आमच्या खात्यात दोघा-तिघांना जमायचे. हे फोनवर सांगता येत नाही मला. म्हणून सांगतो, तुझ्या हाताची किंमत तुझ्या लक्षात नाही. गॅस अंगणात भर. टाकी गार झाल्यावर.

आत्या नोव्हेंबरात तिकडे येते आहे. तिच्याबरोबर बारीक कानशींचा संच, पितळी पत्र्याचे दोन तुकडे आणि एम-2, एम-3 चे, म्हणजे दोन आणि तीन मि.मी.चे, आटे पाडायचे टॅप देतो आहे. तुझी तिथली जुनी इंजिनं बीए, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाच्या, आट्यांची असतील. 6 बीए 2.8 मि.मी. भरतो, एम-3 तीनला, दिसायला सारखे, पण एकाचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, 0.53 आणि दुसऱ्याचा 0.5. पहिले दोन फेरे बरे जातात, मग अडतं आणि माणूस जोर करतो. जोर करायचा नाही, आट्यांचा गेज लावून बघायचं. दोन्ही स्क्रूंचे डबे वेगळे ठेव, झाकणावर लिहून.

वाफेच्या इंजिनाला लागणाऱ्या खास तेलाची बाटली विमानातून पाठवत नाही, ती तिथेच घे, मोटारचं तेल लुब्रिकेटरमध्ये घालू नकोस. प्रत्येक फेरीनंतर आतलं पाणी सिरिंजने काढून मगच नवं तेल.

फुटबोर्ड मी इथे कापून आत्याबरोबर देईन. त्यासाठी बोगींच्या मध्यांतलं अंतर 300 च आहे ना ते पुन्हा मोजून कळव, आणि दाराची रुंदी आतून कळव, बाहेरून नको.

तुझे,
बाबा