सोमनाथ सर, बाबांकडून आणि माझ्याकडून मनापासून थँक्यू

आदरणीय सोमनाथ सर,

जानेवारी २०२५ मध्ये तुम्ही इस्रोच्या अध्यक्षपदावरून निवृत्त झालात तेव्हा टीव्हीवर तुमचं कौतुक बरंच झालं, चांद्रयान-३, सूर्याचा अभ्यास करणारं आदित्य एल-१, सगळं आलं त्यात आणि यायलाच पाहिजे, १९८५ पासून माणूस एकाच संस्थेत राबलाय. मला मात्र तुमचे आभार वेगळ्याच गोष्टीसाठी मानायचेत.

मार्च २०२४ मध्ये तुम्ही एका मल्याळी मुलाखतीत सांगितलंत की तुम्हाला पोटाचा कॅन्सर झाला होता. २ सप्टेंबर २०२३, म्हणजे आदित्यच्या लाँचच्याच दिवशी कळलं, मग चेन्नईत पुढच्या तपासण्या, ऑपरेशन, केमो, चार दिवस हॉस्पिटलात आणि पाचव्या दिवशी परत कामावर. ही बातमी मराठी चॅनलवर लागली तेव्हा आमच्या सिंहगड रोडच्या घरात बाबांची केमो चालू होती आणि बाहेर कुणालाच माहीत नव्हतं. कुणी विचारलं तर अल्सर आहे म्हणायचं असं ठरलेलं. आई तर देवळातसुद्धा जात नव्हती, बायका विचारतील म्हणून.

बाबांनी ती बातमी दोनदा बघितली आणि म्हणाले, अगं एवढा मोठा माणूस सांगतोय, आपण काय लपवत बसलोय. त्याच संध्याकाळी साताऱ्याला काकांना स्वतः फोन लावला. सर, त्यानंतर आमचं घर बदललं हो! शेजारचे काका केमोच्या दिवशी गाडी काढायला लागले, बाबांचे कंपनीतले जुने मित्र घरी यायला लागले, त्यातल्या एकाच्या बायकोचं हेच झालेलं, मग तोंड आलं की काय खायचं, उलट्या कधी थांबतात, हे सगळं त्या वहिनींनी आईला सांगितलं. डॉक्टरांनी उपचार केलेच, पण आईला रात्री झोप लागायला लागली ती या माणसांमुळे.

बाबा भोसरीला टर्नर होते. लेथवर केलेला जॉब रिजेक्ट झाला की तो गुपचूप बाजूला टाकणाऱ्या माणसावर ते भयंकर चिडायचे, आणि म्हणूनच तुम्ही त्यांना आधीपासून आवडायचात. ७ ऑगस्ट २०२२ ला एसएसएलव्हीचं, म्हणजे छोटे उपग्रह सोडायच्या नव्या रॉकेटचं, पहिलंच उड्डाण फसलं, अध्यक्ष होऊन तुम्हाला वर्षही झालं नव्हतं, आणि त्यात ७५० शाळकरी मुलींनी मिळून केलेला आझादीसॅट उपग्रहही वाया गेला. ३५६ किलोमीटरवरच्या गोल कक्षेऐवजी ३५६ बाय ७६ च्या, म्हणजे एका बाजूला फारच खाली येणाऱ्या लंबगोल कक्षेत गेल्यावर उपग्रह टिकणार कसा. पण इस्रोने कारण सगळ्यांसमोर मांडलं, दुसरा टप्पा सुटताना हादरे बसले, वेगातला बदल मोजणाऱ्या अ‍ॅक्सिलरोमीटरची रीडिंग थोडा वेळ मर्यादेबाहेर गेली, कॉम्प्युटरने सेन्सरच बिघडले असं धरलं. बाबांनी ते पेपरमधलं कात्रण कापून ठेवलंय. १० फेब्रुवारी २०२३ ला दुसरं उड्डाण नीट झालं आणि त्यात आझादीसॅट-२ पण गेला, या गोष्टीचा मला चांद्रयानाइतकाच आनंद झाला होता.

चांद्रयानाचंही तेच. काय काय बिघडू शकतं ते आधी धरून डिझाईन केलं, उतरायची जागा ५०० मीटर बाय ५०० मीटरवरून ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर केली, पाय मजबूत केले, इंधन वाढवलं, आणि सगळे सेन्सर गेले, दोन इंजिनं बंद पडली तरी विक्रम लँडर उतरेल हे तुम्ही लँडिंगच्या आधीच जाहीर बोललात. २०१९ ला चांद्रयान-२ चा विक्रम आदळलेला सगळ्या देशाने बघितला होता, त्यानंतर असं बोलायला काय लागत असेल! २३ ऑगस्टला उतरला तेव्हा आमच्या सोसायटीत पेढे वाटले, आणि गणपतीत आमच्या मंडळाचा देखावा अर्थातच चांद्रयानाचा.

बाबा आता बरे आहेत. फेब्रुवारीत विज्ञान दिनाला आयुका ही खगोलशास्त्राची संस्था सगळ्यांसाठी उघडी असते तेव्हा हट्टाने मला घेऊन गेले, कारण आदित्यवरची सूट ही दुर्बीण आपल्या पुण्यात, आयुकात तयार झालीय. २०० ते ४०० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश, त्यातला बराचसा ओझोनमुळे जमिनीवर पोचतच नाही, म्हणून सूर्य असा बघायला वर जावंच लागतं, हे तिथल्या एका विद्यार्थ्याने बाबांना समजावलं. बाबा त्याला म्हणाले, हे यान उडालं त्या दिवशी तुमच्या चेअरमनना कॅन्सर कळला होता, माहितीय का? त्याला माहीत होतं. मग दोघं बराच वेळ तुमच्याबद्दलच बोलत उभे होते, मी मध्ये पडले नाही.

तब्येत सांभाळा सर. कधी पुण्यात आलात तर आमच्याकडे जेवायला या, आई पुरणपोळी करेल, सोसेल तेवढीच खा. आणि बाबांचा एक प्रश्न तुमच्यासाठी राखून ठेवलाय, एसएसएलव्हीचे ते हादरे जमिनीवरच्या टेस्टमध्ये पकडता आले नसते का?

तुमची,
पुण्याची एक मुलगी आणि तिचे बाबा