तू सांगितलेली कुंडीची परीक्षा

प्रिय मित्रा,

स. न. वि. वि.

तुझ्या फेब्रुवारीतल्या पत्राला जूनमध्ये उत्तर देतो आहे, याची मला मनापासून लाज वाटते. गुडघा बरा आहे, बाकी क्षेम. आज जे लिहायचे आहे, ते मात्र तुझ्याखेरीज कुणाला कळणार नाही.

अलॉटमेंटवरच्या, म्हणजे भाजीपाल्यासाठी भाड्याने घेतलेल्या तुकड्यावरच्या, माझ्या टोमॅटोची पाने आखडली आहेत. खालची जुनी पाने चांगली रुंद आहेत. शेंड्याची नवी मात्र अरुंद होऊन नेच्याच्या कोंबासारखी आत वळली आहेत आणि त्यांच्या शिरा दाटीने समांतर धावताना दिसतात. आधी वाटले पाणी जास्त झाले, मग विषाणूची शंका आली. पण घेवड्याचेही तेच, बटाट्याचेही तेच, आणि तेच खत घातलेल्या वाफ्यातला मका तेवढा जोमाने वाढतो आहे. तो मका पाहिला आणि तुझी कुंडी आठवली.

मार्चमध्ये तबेल्यातून लिदीचे खत आणले, तेव्हा तू बजावले होतेस की, थोडे खत मातीत मिसळून कुंडीत बाकल्याचे चार दाणे पेर आणि कोवळी पाने सरळ निघाली तरच ते वाफ्यात घाल. मी चिडलो. वसतिगृहात तू युरियाची बाजू घ्यायचास, मी शेणखताची, आणि ताटातली भाजी गार झाली तरी कुणी माघार घेत नसे. ज्या खताची मी आयुष्यभर वकिली केली, त्याचीच परीक्षा घ्यायची हे मला मानवले नाही.

कुरणातल्या रुंद पानांच्या तणांवर अमिनोपायरॅलिड नावाचे तणनाशक फवारतात. गवताला ते बाधत नाही, म्हणून मक्यालाही नाही. घोडा ते गवत खातो, औषध मात्र जसेच्या तसे लिदीत उतरते आणि ढिगात बराच काळ टिकते. ब्रिटनमध्ये २००८ साली अशाच तक्रारींमुळे त्याची परवानगी काही काळ स्थगित झाली होती, हेही तूच सांगितले होतेस.

माझे पीक गेले तर गेले. पण त्या ढिगातले सहा ढकलगाड्या खत मी शेजारच्या आजींना आग्रहाने दिले आहे. यजमान गेल्यापासून दहा रॉडांचा, म्हणजे जवळपास २५० चौरस मीटरचा तो अख्खा तुकडा त्या एकट्या कसतात. परवा त्यांच्या टोमॅटोचे शेंडेही वळू लागलेले दिसले. पान हातात धरून त्यांनी विचारले, "माझ्याकडून पाणी कमी पडते का?" मी "बघू" एवढेच म्हणालो आणि रात्रभर तो शब्द मला टोचत राहिला.

उपाय मला ठाऊक आहे: वर दिसते तेवढे खत उचलायचे, बाकीची जमीन पुन्हा पुन्हा खणायची म्हणजे मातीतले जिवाणू औषधाचे विघटन करतील, आणि ही रोपे कंपोस्टच्या ढिगात अजिबात टाकायची नाहीत. माझ्याकडची मक्याची जादा रोपे मी त्यांना देईन, खणायलाही जाईन. पण दोष त्यांच्या पाण्याचा नसून माझ्या खताचा आहे, हे पहिले वाक्य तोंडातून निघत नाही. उद्या सकाळी आठला त्या येतील, तेव्हा मी फाटकाशी उभा असेन.

तुझ्या घराचे छत झाले का? धाकटीच्या निकालाचे कळव, आणि वहिनींना नमस्कार सांग. कुंडीत आज बाकला पेरला आहे.

तुझाच,
जुना भांडखोर मित्र